कॉट बेसिसवर राहून गाणं ऐकायचं तर: हेडफोन आणि अँप कसे निवडावेत

सदाशिव पेठेतल्या खोलीत तिघं कॉट बेसिसवर राहतात, हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये चौघं भाडं वाटून घेतात, डोंबिवलीच्या वन बीएचकेत आईबाबा, आजी आणि बारावीची धाकटी बहीण असते. अशा घरांत मनासारखं गाणं ऐकायची जागा एकच उरते, ती म्हणजे स्वतःचे कान. स्पीकर कितीही चांगला असला तरी खर्जाचा आवाज भिंतीतून, दारातून पलीकडे जातोच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण एवढ्या कायद्यापर्यंत जायचं कारणच नाही, शेजारच्या कॉटवरच्या माणसाची सकाळी सहाची शिफ्ट असते हे पुरेसं आहे.

पहिल्यांदा चांगले हेडफोन घेणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी कुठल्या तरी व्हिडिओत बघून अँप, म्हणजे हेडफोनला जोर देणारा अँप्लिफायर, घेतात, मग त्याला शोभेल असा हेडफोन, आणि आपण राहतो कुठे याचा विचार घरी आल्यावर. माझं ठाम मत असं की सामायिक घरात आधी खोली बघायची, मग हेडफोन ठरवायचा आणि अँप सगळ्यात शेवटी. पुष्कळांना त्या शेवटच्या पायरीची गरजच पडत नाही.

खोली ऐका

तुम्ही रोज ज्या वेळी गाणं ऐकणार त्याच वेळी खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा आणि कानावर काय काय पडतं ते लिहून काढा. पंखा, कूलर, एसी, खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर हे सगळे एकसुरी, सतत चालणारे आवाज. रूम पार्टनरचं फोनवरचं बोलणं, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न हे अचानक येणारे, चढे आवाज. या दोन जातींवर उपाय वेगवेगळे आहेत.

नॉइज कॅन्सलिंगचा हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने ऐकतो आणि त्याची बरोबर उलटी लहर कानात सोडतो. सतत चालणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजावर हे उत्तम चालतं. पंखा आणि कूलर जवळजवळ नाहीसे होतात. बोलणं मात्र थोडंच कमी होतं, आणि कुकरची शिट्टी कमी झालीच तर ती हेडफोनच्या गादीच्या जाडीमुळे आणि कानाभोवती नीट बसलेल्या कडेमुळे होते, मशीनमुळे नाही. तुमच्या यादीत माणसांचे आवाज जास्त असतील तर नॉइज कॅन्सलिंगवर पैसे ओतण्याआधी कान नीट बंद करणारी वस्तू शोधा.

त्याच यादीत आणखी एक रकाना करा. तुमच्या डोक्यापासून सगळ्यात जवळ झोपणाऱ्या माणसाचं डोकं किती लांब आहे? चार फूट असेल तर निवड तिथेच अर्धी होते.

उघडा, बंद की कानात घालायचा

उघड्या पाठीचे हेडफोन, म्हणजे ज्यांच्या बाहेरच्या बाजूला जाळी असते ते, ऐकायला फार सुंदर असतात. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, तानपुरा आजूबाजूला पसरतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून याच कारणासाठी वाखाणला जातो. पण त्या जाळीतून जितकं तुम्हाला ऐकू येतं त्यातलं पुष्कळ शेजारच्यालाही येतं, आणि खोलीतलं सगळं तुमच्यापर्यंत. स्वतंत्र खोली असेल, दार बंद होत असेल आणि पलीकडे कोणी झोपलेलं नसेल तरच याच्या वाटेला जा. एकाच खोलीत दोन कॉट असतील तर मोह टाळा, कितीही चांगला सौदा मिळाला तरी.

बंद पाठीचा हेडफोन हा अशा घरांचा खरा सोबती. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स किंवा एम४०एक्स, सोनीचा एमडीआर-७५०६ हे सगळे स्टुडिओत वापरण्यासाठी केलेले आहेत. गाणाऱ्याच्या कानातला आवाज समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये, ही स्टुडिओची गरज आणि रूम पार्टनरची झोपमोड होऊ नये, ही तुमची, या दोन्ही एकाच गुणावर भागतात. डीटी ७७० बाहेरचा आवाज सुमारे १८ डेसिबलने कमी करतो असं कंपनी सांगते. याचे पॅड, वरची पट्टी, आतले भाग सुटे मिळतात, त्यामुळे तो वर्षानुवर्षं चालतो.

तिसरा पर्याय म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारे इयरफोन, ज्यांना हल्ली सगळे आयईएम म्हणतात. आवाज बाहेर न जाऊ देण्यात आणि आत न येऊ देण्यात यांच्या तोडीचं काही नाही. एटिमॉटिकसारखी कंपनी तर ३५ डेसिबलच्या पुढचे आकडे सांगते. मूनड्रॉप, सेव्हनएचझेड, केझेड या चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत दोन-तीन हजारांच्या आत असे इयरफोन आणले आहेत की त्या किमतीत मोठा हेडफोन त्यांच्याजवळही येत नाही. बजेट तोकडं असेल, खोलीत गर्दी असेल आणि नागपूर-अकोल्याकडचा उन्हाळा असेल तर मी डोळे झाकून आयईएम घ्यायला सांगेन. मे महिन्यात कानाभोवती रेक्झिनची गादी लावून तासभर बसणं कठीण असतं.

यांचं सगळं यश मात्र कानातल्या बोळ्यावर असतं. डब्यात तीन मापांचे सिलिकॉनचे बोळे येतात. दोन्ही कानांची मापं वेगळी असू शकतात, म्हणून डाव्यात मध्यम आणि उजव्यात मोठा घालून बघायला लाजू नका. डग्ग्याचा घुमारा अचानक भरून आला की समजा, बोळा बसला. सिलिकॉन टिकत नसेल तर फोमचे बोळे घ्या. ते चिमटीत दाबून कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. ते लवकर खराब होतात, पण अडवतात जास्त.

चष्मा लावणाऱ्यांनी मोठा हेडफोन चष्म्यासकट घालून बघावा. काडीमुळे गादीला फट पडते आणि त्या फटीतून आधी खर्ज जातो, मग शेजाऱ्याची झोप. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ, जाड पॅड हा यावरचा उपाय.

आवाज किती गळतो ते तपासा

ही चाचणी दुकानात होत नाही, घरीच करावी लागते. रात्री सगळं शांत झाल्यावर हेडफोन घालून नेहमीच्या आवाजात गाणं लावा. मग आवाजाला हात न लावता हेडफोन मित्राच्या डोक्यावर चढवा आणि तुम्ही जाऊन त्याच्या कॉटवर, उशीला डोकं टेकून पडा. झांजा, घुंगरू, गायकाचे स, श हे उच्चार आधी ऐकू येतील, कारण गळणारा आवाज बहुतेक वरच्या पट्टीतला असतो. काही ऐकू आलं तर आवाज एकेक पायरी उतरवत कुठे थांबतं ते बघा आणि फोनवरचा तो आकडा लक्षात ठेवा. रात्रीची तुमची कमाल मर्यादा ती. हेडफोन नुसता टेबलावर ठेवून ही चाचणी करू नका, डोक्यावर नसला की गाद्या उघड्या राहतात आणि निकाल चुकतो.

वायरलेसबद्दल थोडक्यात

ब्लूटूथ हेडफोनच्या आतच डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग, आणि अँप असतात. त्यामुळे त्याला ब्लूटूथवर ऐकताना बाहेरून कुठलंही अँप लावून काहीही फरक पडत नाही, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं. फोन एकीकडे चार्जिंगला आणि तुम्ही दुसरीकडे, ही सोय मोठी आहे. पण बॅटरी दोन-चार वर्षांत उतरते आणि बहुतेक मॉडेलांत ती बदलून मिळत नाही. दीर्घकाळ वापरायचं असेल तर वायर बरी, असं माझं मत आहे.

अँप खरंच लागतं का

इथे थोडं गणित आहे, पण ते एकदा समजलं की दुकानदार काय सांगतो त्यातलं खरं-खोटं लगेच कळतं.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहममध्ये, तो रोध. दुसरा डेसिबलमध्ये, ती संवेदनशीलता, म्हणजे एक मिलीवॉट दिल्यावर किती आवाज निघेल. काही कंपन्या तो एका व्होल्टला सांगतात, तेव्हा तुलना करताना एकक बघून घ्या. दर ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते, १० डेसिबलला दहापट.

डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. संवेदनशीलता एका मिलीवॉटला ९६ डेसिबल. गाण्यातल्या एखाद्या क्षणी ११० डेसिबलपर्यंत उसळी घेता यावी असं धरलं तर वर १४ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे २५ मिलीवॉट. ही वीज तिन्ही प्रकारांना तेवढीच लागते. पण ती पोचवायला ३२ ओहमला साधारण ०.९ व्होल्ट पुरतात, ८० ओहमला १.४ आणि २५० ओहमला २.५. फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावून त्याला हेडफोन जोडायचं साधं डोंगल सुमारे १ व्होल्ट देतं. म्हणजे ३२ ओहमवाला आरामात चालतो, ८० ओहमवाला किंचित कमी पडतो आणि २५० ओहमवाल्याला ८ डेसिबलची तूट येते.

आता हेच गणित तुमच्या रात्रीच्या ऐकण्याला लावा. एवढ्या जवळ माणसं झोपलेली असताना तुम्ही सरासरी ७० डेसिबलच्या आसपास ऐकणार. तबल्याची थाप उसळली तरी १०० च्या आत. १०० डेसिबलला याच हेडफोनला अवघे अडीच मिलीवॉट लागतात आणि २५० ओहमवाल्यालाही ०.८ व्होल्टच्या आत काम भागतं. हळू ऐकणाऱ्याला अँपची गरज जाहिरातीत दाखवतात त्याच्या पुष्कळ अलीकडे संपते.

म्हणून क्रम असा ठेवा. हेडफोन आणला की आधी आहे त्या फोनला किंवा लॅपटॉपला लावा. नेहमीचं ऐकणं निम्म्या-पाऊण आवाजावर समाधानाने होत असेल तर थांबा, झालं. २०२१ पासूनच्या मॅकबुक प्रोमधला जॅक १५० ओहमच्या पुढच्या हेडफोनला ३ व्होल्टपर्यंत देतो, तो असेल तर वेगळं काही घेऊच नका. फोनला जॅक नसेल तर डॅक असलेलं डोंगल घ्या. ॲपलचं डोंगल स्वस्त आणि स्वच्छ आवाजाचं आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते आवाज फार कमी देतं, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी फिओसारख्या कंपनीचं बघावं.

टेबलावर ठेवायचं अँप कधी घ्यावं? ३०० ओहमचा एचडी ६०० घेतला असेल, किंवा प्लॅनर जातीचा, म्हणजे आत सपाट पातळ पडदा असलेला हेडफोन, ज्याचा रोध कमी पण संवेदनशीलताही कमी असते, उदाहरणार्थ हायफायमॅनचा एचई४००एसई. त्याची ९१ डेसिबल आहे, म्हणजे ११० गाठायला ८० मिलीवॉटच्या आसपास लागतात. तिथे डोंगल दमतं. फिओ, टॉपिंग, आयफाय, शीट या कंपन्यांची डॅक आणि अँप एकत्र असलेली छोटी पेटी पुरे होते. निवडताना तिचा स्वतःचा रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी आहे ना एवढं बघा. हल्लीच्या बहुतेक पेट्यांत तो एक-दोन ओहमच्या आत असतो.

हळू आवाजाची अडचण

सामायिक घरात राहणाऱ्याने अँपमध्ये वीज किती आहे हे विचारण्यापेक्षा ते अगदी हळू आवाजात कसं वागतं हे विचारावं. गोल फिरवायच्या साध्या बटणांत सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी नसते. बटण आठच्या काट्यावर असताना गायिका डाव्या कानाकडे सरकते, थोडं वाढवलं की मध्ये येते. रात्री तुम्ही नेमके त्या सुरुवातीच्या भागातच असता. यावर उपाय म्हणजे अँपवर गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण असेल तर ते कमीवर ठेवायचं, लॅपटॉपमधून येणारा आवाज थोडा उतरवायचा आणि अँपचं बटण वर घ्यायचं. आवाज आकड्यांत, पायऱ्यांनी बदलणारं अँप मिळालं तर ही कटकटच नाही. संवेदनशील आयईएम ताकदवान अँपला लावला की पाठीमागे सूंऽऽ असा आवाजही येतो, तोही कमी गेनवर बहुधा जातो.

दुसरी गोष्ट कानाची आहे. आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून मांडलं. त्यामुळे रात्री हळू ऐकताना तबला पोकळ वाटतो आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. आवाज वाढवू नका, इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या खालचा भाग ३ ते ५ डेसिबलने वर घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ यासाठी फुकट मिळतात. जितकं वर घ्याल तितकंच एकूण पातळीचं बटण खाली आणा, म्हणजे आवाज फाटणार नाही. गळणाऱ्या आवाजात खर्ज फारसा नसतो, त्यामुळे शेजाऱ्याला याचा त्रास होत नाही.

गुणगुण आणि अर्थिंग

जुन्या वाड्यांत, चाळींत आणि कित्येक भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्लगचं तिसरं भोक असतं, पण त्यात अर्थिंगची वायर आलेलीच नसते. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या कडेवर मनगट फिरवलं की बारीक मुंग्या येतात ती हीच भानगड. हेडफोनमध्ये ती घूं अशी गुणगुण होऊन येते. चार्जर काढून बघा. गुणगुण गेली तर दोष अँपचा नाही, ते परत करायला धावू नका. रात्री बॅटरीवर ऐका, दोन पिनी चार्जर असेल तर तीन पिनी मिळतो का बघा, आणि घरमालकाला अर्थिंग करून घ्यायला सांगा. शेवटचं काम गाण्यासाठी नाही तर जिवासाठी करायचं आहे.

कान जपा

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. खोलीतला गोंगाट दाबण्यासाठी आवाज चढवत नेणं हा सामायिक घरातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि म्हणूनच कान नीट बंद करणारा हेडफोन ही चैन नाही. बाहेरचं १५-२० डेसिबलने कमी झालं की आतलंही तेवढं कमी चालतं.

विकत घेताना

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन चार वस्तू हाताळून बघणं चांगलंच, पण प्रसिद्ध मॉडेलांच्या नकला सगळीकडे फिरतात. निम्म्या किमतीत नवा सोनी किंवा ऑडिओ-टेक्निका कोणी देत असेल तर घेऊ नका. पक्कं बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी असेल तिथूनच घ्या. परदेशातून मागवलेल्यावर कस्टम्स ड्युटी लागते आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्चही आपलाच.

परत करायची मुदत चालू असेपर्यंत रोज ऐका, तेही माहितीचंच गाणं. तानपुऱ्याची जवारी सुटी सुटी ऐकू येते का, की नुसता एक झुळझुळता पट्टा वाटतो? डग्ग्यावर मनगट दाबून घेतलेली मींड सलग वर चढते का, की मध्येच एक स्वर फुगतो? हार्मोनियम आणि गळा एकाच सुरावर असताना दोन वेगळे राहतात का? जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकांवरून हेडफोनची परीक्षा घेऊ नका. त्यांत वरची आणि खालची पट्टी मुळातच नाही, आणि चांगला हेडफोन खरखर अधिकच दाखवतो. सत्तरच्या दशकातल्या काही स्टिरिओ मुद्रणांत तबला पूर्ण एका कानात आणि गायक दुसऱ्यात असतो. ते हेडफोनवर त्रास देतं. प्लेअरमध्ये क्रॉसफीड असेल तर ते सुरू करा, दोन्ही बाजू थोड्या एकमेकांत मिसळतात.

बरोबर राहणाऱ्यांसाठी

कान बंद असताना माणूस मोठ्याने बोलतो आणि नकळत गुणगुणतो. रूम पार्टनरची तक्रार बऱ्याचदा हेडफोनच्या आवाजाची नसते, तुमच्या गुणगुणण्याची असते. त्याला मोकळेपणाने सांगायला सांगा. फोनवर बोलायचं असेल तर एक कान उघडा ठेवा.

दाराची बेल, गॅस सिलिंडरवाला, पाणी आल्यावर खालून मारलेली हाक यातलं काही तुम्हाला ऐकू येणार नाही. आयफोनमध्ये साउंड रेकग्निशन आणि अँड्रॉइडमध्ये साउंड नोटिफिकेशन्स नावाची सोय आहे, बेल वाजली की फोन थरथरतो. ती लावून ठेवा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर बसायची जागा अशी निवडा की दार डोळ्यांसमोर राहील.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रेक्झिनच्या पॅडवर बुरशी धरते आणि पापुद्रे सुटतात. ऐकून झालं की कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट डब्यात ठेवा. कॉटच्या कोपऱ्याला टांगून ठेवू नका. वरचा पट्टा ताणतो, आणि कोणीतरी अंधारात वायरीत पाय अडकवून पडतं.